आता आलोच आहोत तर...

मराठी माणसाचे निम्मे निर्णय 'लोक काय म्हणतील' या एका वाक्यावर होतात, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून माणसं न्याहाळल्यावर मला ते पटेनासं झालं आहे. आपल्यावर खरं राज्य करतं ते दुसरंच वाक्य. "आता आलोच आहोत तर..." हे ते वाक्य. पासबुक भरून घ्यायला आलेल्या गृहस्थाला मशीन बंद आहे असं सांगितलं, तर त्यानं सरळ घरी जावं की नाही? पण छे! आता आलोच आहोत तर म्हणून तो मुदत ठेवीचे दर विचारतो, एखादा लॉकर रिकामा आहे का पाहतो, मॅनेजरच्या केबिनमध्ये डोकावून "साहेब बदलले वाटतं" असं स्वतःशीच म्हणतो, कूलरसमोर दहा मिनिटं उभा राहतो आणि जाता जाता आमच्या शिपायाला गावाकडच्या पावसाची बित्तंबातमी देऊन जातो.

इथपर्यंत हे वाक्य निरुपद्रवी आहे. पण त्याला एक थोरला भाऊ आहे, तो जरा आडदांड. "आता इतकं केलंच आहे तर..." सिनेमा भिकार आहे हे पहिल्या वीस मिनिटांतच कळलेलं असतं. तरी तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून आपण शेवटपर्यंत बसतो. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर संध्याकाळही गेली. थाळी जेवताना पोट केव्हाचं 'पुरे' म्हणत असतं, पण बासुंदीची दुसरी वाटी पैशांत धरलेली असते. मग ती वाटी पोटात, आणि रात्री अकराला ओवा!

बी.कॉम.ला आम्हाला कॉस्टिंग शिकवायला एक सर होते. त्यांनी तीन वर्षांत जे शिकवलं त्यातलं नव्वद टक्के परीक्षेच्या हॉलमध्येच राहिलं. एक गोष्ट मात्र माझ्याबरोबर घरी आली. जो खर्च होऊन गेला आणि काही केल्या परत यायचा नाही, तो पुढचा निर्णय घेताना हिशेबात धरायचाच नाही. आजपासून पुढे काय लागणार आणि काय मिळणार, एवढंच बघायचं. याला सर 'संक कॉस्ट' म्हणत. आम्ही मुलांनी त्याचा 'बुडीत खर्च' केला. सर कॉंकॉर्ड विमानाचा दाखला द्यायचे. १९६२ साली ब्रिटन आणि फ्रान्स या दोन सरकारांनी मिळून हे विमान बांधायचा करार केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. धंद्याला ते परवडणार नाही हे पुढे दिसूही लागलं, पण इतके ओतले आहेत तर म्हणून दोघंही ओतत राहिले. चाचणीची धरून विमानं बांधली गेली सगळी मिळून वीस. १९७६ ते २००३ एवढी वर्षं ती प्रवाशांना घेऊन उडाली आणि मग वस्तुसंग्रहालयात जाऊन बसली. त्यावरून या चुकीलाच शास्त्रज्ञांनी कॉंकॉर्डचं नाव दिलं.

बँकेत आल्यावर तर हे तत्त्व मला रोज दिसू लागलं. कारखाना आजारी, हप्ते थकलेले, आणि मालक म्हणतो, "साहेब, अजून पाच लाख द्या, म्हणजे आधीचे वीस सुटतील." बुडालेल्या रुपयाला हुडकून आणायला दुसरा रुपया पाण्यात सोडायचा, हा त्याचा अर्थ. नव्वद दिवस हप्ता आला नाही की आमच्याकडे कर्जाला एन.पी.ए.चा शिक्का बसतो. माणसाच्या मनात असा शिक्का मारणारं खातं नाही म्हणून अनेक संसार, पक्ष आणि साहित्य संस्था चालू आहेत, असं मी ब्रँचमध्ये म्हणायचो आणि कॅशियरला ते आवडायचं.

हिशेबाला हे तत्त्व लागू आहे, याबद्दल वादच नाही. माणसाला ते लागू आहे का, हा प्रश्न मात्र मला गेल्या जूनमध्ये पडला. तोही समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरवर, पहाटे.

त्याचं असं झालं की आमच्या एल.एफ.सी.चा ब्लॉक संपत आला होता. बँकवाला हिमालयात जातो तो हिमालयाच्या ओढीनं, असा तुमचा समज असेल तर तो सोडा. सवलत लॅप्स होणार या धसक्यानं जितके बँकवाले हिमालयात गेले असतील, तितके वैराग्यानंसुद्धा गेले नसतील. पण आमच्या हिचं कारण निराळं होतं. हिचे वडील वर्धा जिल्ह्यात भूगोलाचे मास्तर. वर्षभर नकाशे आणि आषाढात वारी, असा त्यांचा शिरस्ता. ते हिला लहानपणी सांगत, "आपली भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचं. पण वर हिमालयात एक आहे, ती जन्मानंच चंद्रभागा." लाहुलच्या बारालाचा खिंडीच्या एका अंगानं चंद्रा निघते, दुसऱ्या अंगानं भागा. दोघी उलट दिशांना जाऊन डोंगराला वळसा घालतात आणि तांदीला भेटतात. तिथून पुढे ती चंद्रभागा. पंजाबात आणि भूगोलाच्या पेपरात चिनाब. मास्तरांनी हे नकाशावर बोटानं दाखवलं, पण स्वतः कधी पाहिलं नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. ही आता त्यांचाच विषय शाळेत शिकवते आणि तो नकाशा आमच्या कपाटात आहे. तेव्हा खिंडीपर्यंत जायचं आणि भागेचा उगम बघायचा, हे ठरलं. विमानानं नको, रेल्वेनं नको, आपल्या गाडीनं. "नकाशात जसं बोट फिरतं तसं जाऊ," असं हिचं म्हणणं.

मुलाची आजीकडे रवानगी झाली. शेजारचे काका फाटकाशी उभे राहून म्हणाले, "काहून बा, विमानं बंद झाले काय? कायले एवढी गाडी हाकत जाता?" मी म्हटलं, "काका, आता ठरलंच आहे तर..." काकांना लगेच पटलं.

नागपूर म्हणजे सपाटीचा कळस. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, आणि आमच्याकडचा मोठ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. शून्य मैलाच्या दगडाला वळसा घालून आम्ही पहाटे निघालो आणि चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग धरला, तो अंबाल्यापर्यंत काही सोडला नाही. पेंचच्या जंगलात हा रस्ता जागोजागी खांबांवर उचलून धरला आहे. वरून आपण जायचं, खालून वाघानं. एकमेकांना ओळख न देता राहण्याची इतकी सुरेख सोय मी कुठल्याही सोसायटीत पाहिलेली नाही. मग नर्मदा ओलांडली, सागर, झाशी. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर, चंबळ, आग्रा आणि दिल्लीचा तो कधीच न संपणारा वळसा. सपाटीवर गाडी मी चालवायची आणि घाट लागला की हिनं, अशी आमची कामाची वाटणी आहे. घाटात मी डोळे मिटून घेतो आणि चालवणाऱ्यानं ते करू नये, असा संकेत आहे.

मुरथलला लोण्याचा गोळा घातलेले पराठे खाल्ले (तिसरा पराठा निव्वळ बुडीत खर्चापोटी) आणि पानिपतला मुक्काम केला. मराठी माणूस त्या रस्त्यानं जाताना पानिपतला न थांबता पुढे जाऊ शकत नाही. काला अंबला ते काळ्या आंब्याचं झाड आता नाही. स्मारकाचा स्तंभ आहे आणि भोवती शांत बाग. तिथे बाकावर बसून मी हिला माझं कॉस्टिंग लावून दाखवायला निघालो. मार्च १७६० मध्ये भाऊ पटदूरहून निघाले. ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला. बरोबर बायकामुलं, यात्रेकरू. आता इतके आलोच आहोत तर कुरुक्षेत्रही करावं. "आणि तेवढ्यात," मी म्हटलं, "अब्दाली यमुना उतरून मागे येऊन बसला. वेळेत परत फिरले असते तर..."

"फिरायला वाट होती कुठे?" ही म्हणाली. "मागे तोच तर होता. परत फिरता येणं ही चैन असते. ती ज्याला आहे त्यानं खुशाल तत्त्वं सांगावीत."

भूगोल शिकवणाऱ्या बाईशी इतिहास बोलू नये. मी गप्प बसलो. १४ जानेवारी १७६१ ला त्या मैदानावर जे झालं त्यापुढे कॉस्टिंग जरा पोरकटच वाटत होतं, हेही खरं.

पुढचं थोडक्यात सांगतो. कीरतपूरपासून डोंगर सुरू झाले आणि मी डोळे मिटले. मधूनमधून बोगदे आले की उघडत होतो. मनालीत एक रात्र काढून अटल बोगद्यात शिरलो. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. नऊ किलोमीटर लांब, दोन्ही तोंडं दहा हजार फुटांच्या आसपास. ज्या रोहतांग खिंडीनं आजवर किती जीव घेतले त्याची गणती नाही आणि जी हिवाळाभर बंद पडून लाहुलचा जगाशी संबंध तोडायची, तिच्या पोटातून आम्ही दहा-बारा मिनिटांत पलीकडे गेलो. अलीकडे देवदारांची दाटी, पलीकडे उघडे बोडके डोंगर. दोन राज्यांची हद्द ओलांडतानासुद्धा देखावा इतका बदलत नाही. नागपूरहून नेलेली चिवड्याची पाकिटं मनालीलाच फुगली होती, जिस्पाला पोचेपर्यंत ती टम्म झाली. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की असं होतं, असं हिनं सांगितलं. माझ्या डोक्याचंही तेच होणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जिस्पाचं आमचं हॉटेल अगदी भागेच्या काठी. रात्रभर तिचा आवाज. दोन वाजता मला जाग आली ती डोक्यात कुणीतरी एकसारखा शिक्का मारतंय म्हणून. ठप्प, ठप्प, ठप्प! अंगात ताप नाही, पण पोटात ढवळतंय. हॉटेलवाल्यानं पहाटे चहा आणला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "साब, ऊपर मत जाना. नीचे उतर जाओ." डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही, हा तिथला पहिला नियम, दुखणं वाढलं तर तडक खाली उतरायचं, हा दुसरा. खिंड चार हजार आठशे नव्वद मीटरवर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. आणि ती होती पुढे पन्नासेक किलोमीटरवर.

ही अंघोळ करून तयार होती. वेणी घालत होती. पर्समधून नकाशा बाहेर काढून ठेवला होता. आता हिला सांगायचं कसं? तेव्हा मला सर आठवले. मी उशीला टेकून म्हटलं, "हे बघ, आलेले सतराशे किलोमीटर विसरून जा. तो बुडीत खर्च आहे. प्रश्न आहे तो फक्त पुढच्या पन्नासांचा. त्यात जोखीम किती, मिळकत किती, एवढंच बघायचं."

हिनं वेणीला रबर लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, माझं डोकं दुखतंय, परत जाऊ या, एवढंच म्हणा ना. मी आत्ता गाडी वळवते. पण आलेले सतराशे धरायचे नाहीत, असं मला सांगू नका."

"का? हिशेबाला ते बरोबरच आहे."

"असेल. मग उद्या एकोणीस वर्षंही धरू नका."

आणि ती सामान भरायला लागली.

डोकं दुखत असताना माणसाला फार चांगला विचार करता येतो असं नाही, पण दुसरं काही करताही येत नाही. उतारावर डोळे मिटून मी तोच धागा धरून बसलो. हिचं म्हणणं भाबडं म्हणून सोडून देता येत नव्हतं. आमच्या शाखेत दर नोव्हेंबरात एक निवृत्त गृहस्थ बायकोला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन येतात. पेन्शन बाईंचं आहे. बाईंना विस्मरणाचा आजार आहे. नवऱ्यालाही ओळखत नाहीत, 'काका' म्हणतात. केस नीट विंचरलेले, साडीला पिन, कपाळाला कुंकू. हे सगळं काकांनीच केलेलं. दाखला घरबसल्याही देता येतो, असं मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "तिला बँकेत यायला आवडायचं." आजपासून पुढे काय मिळणार, असा हिशेब मांडला तर त्या माणसाच्या जमेला काही नाही. त्याचं सगळं मागच्या पानांवर आहे. मग सरांच्या तत्त्वानं त्यानं काय करायला हवं? उत्तर माझ्याकडे आहे, पण ते लिहायला हात धजत नाही.

तर दुसऱ्या बाजूला हेही पाहिलंय. खातं वेगळं काढायला आलेली, गालावर वळ असलेली एक बाई आणि तिच्याबरोबर तिची आई. आई सारखी पुटपुटत होती, "इतके वर्षं काढलेस ना, मग आता काढ." तेव्हा मला कॉस्टिंगचे सर साक्षात देवासारखे वाटले होते. त्या बाईला कुणीतरी उंच आवाजात सांगायला हवं होतं की बाई गं, ती वर्षं गेली, ती धरू नकोस, आजपासून पुढचं बघ. आम्ही काउंटरवाल्यांनी आमच्या परीनं एवढंच केलं, की खातं त्याच दिवशी उघडून दिलं.

मग खरं कोणतं? कोकसरच्या आसपास मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. कुठलाही व्यवहार दोन ठिकाणी लिहावा लागतो. ज्यानं दिलं त्याच्या वहीत एक, ज्याला मिळालं त्याच्या वहीत दुसरी. सरांनी आम्हाला बुडीत खर्च शिकवला तो फक्त खर्च करणाऱ्याच्या वहीतला. मार खाणाऱ्या बाईनं आपली वर्षं खुशाल बुडीत म्हणून सोडावीत, तो तिचा हक्क आहे. पण तिच्या नवऱ्यानं "गेलं ते गेलं" म्हणायचं? त्याच्या वहीत ते बुडीत नाही, ते देणं आहे. त्या काकांना कुणी 'आता सोडा' म्हणालं तर ते हसतील, कारण ते खर्च मोजतच नाहीत. पूर्वी मिळालेलं फेडतायत. आणि माझ्या डोक्यापायी सतराशे किलोमीटरवरून परत फिरली ती ही होती. तो खर्च तिचा, वडिलांचा नकाशा तिचा. तो बुडीत म्हणून लिहायला तिची वही मी कशी काय उघडली होती, एवढाच तिचा सवाल होता.

शिवाय एक गंमत माझ्या लक्षात आली. हिनं जिस्पाहून गाडी वळवली ती पुढचा हिशेब करून नव्हे. सतराशे किलोमीटर सोडले, ते एकोणीस वर्षं धरून! म्हणजे बुडीत खर्च धरण्याचा जो दोष, त्याच्याच जिवावर माझं डोकं बचावलं. सरांना हे कळवायला हवं होतं, पण ते केव्हाच निवृत्त झाले आणि पत्ता माझ्याकडे नाही.

हे सगळं मी हिला सांगितलं का? नाही. घाटात चालवणाऱ्याशी बोलू नये.

तांदीचं सांगायचं राहिलंच. ते कोकसरच्या आधी लागतं, उतरताना. तिथे हिनं गाडी बाजूला घेतली. खाली दोन्ही नद्या मिळत होत्या, आणि मिळाल्यावरही थोडं अंतर आपापला रंग धरून वाहत होत्या. तिथले लोक सांगतात, चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा सूर्याचा मुलगा, दोघांचं प्रेम. खिंडीवर चढले, तिथून उलट दिशांना निघाले आणि इथे येऊन भेटले. ही पाण्यापर्यंत उतरली, बाटली भरून घेतली. मी वर गाडीला टेकून डोकं धरून उभा. वर आल्यावर मी म्हटलं, "उगम राहिलाच की गं."

"पंढरपूरला जाणारे भीमाशंकरला कुठे जातात?" ती म्हणाली आणि माझ्या हातात बाटली दिली. "कपाळाला लावा. थंड आहे."

मनालीला उतरेपर्यंत शिक्के थांबले. बाटली नागपूरला फ्रीजच्या दारात आहे, आईनं तिच्यावर तुळशीचं पान ठेवलंय. नकाशा पुन्हा कपाटात गेला. बारालाचाच्या जागी हिनं पेन्सिलीनं बारीक गोल केलाय, खोडता येईल असा.

एल.एफ.सी.चं बिल मात्र अडकलं. अर्जात गंतव्य स्थान बारालाचा लिहिलेलं, आणि प्रत्यक्ष पोचलो जिस्पाला. आमच्या वरच्या ऑफिसातून शेरा आला, की एवढा प्रवास झाल्यानंतर उर्वरित पन्नास किलोमीटर न करण्याचं सबळ कारण लेखी द्यावं. मी बुडीत खर्चावर दीड पान लिहिलं. ते फाडलं. मग नवीन कागद घेऊन एका ओळीत लिहिलं, "डोके दुखत होते." बिल चौथ्या दिवशी पास झालं.